त्राटिका परदेशी जाऊन आली

टक्. टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्.

लखमा कागदाच्या लगद्याच्या मुखवट्यांच्या कपाळावर बोटाचं पेर आपटायचा, त्याचा हा आवाज. मुखवटा आतपर्यंत वाळला असेल तर तो लाकडासारखा कोरडा बोलतो. ओल राहिली असेल तर भिजल्या पुठ्ठ्यासारखा भद् करतो. चाळीस वर्षं होऊन गेली, तरी दुपारी डोळा लागता लागता मला तो आवाज येतो. तो आला की त्याच्यामागून किस्से येतात. किस्से साचतात कसे, तर सुताराच्या बाकाखाली ढलप्या साचतात तसे. रंधा मारताना कुणाचं लक्ष नसतं. दिवस मावळताना खाली बघावं तर पाय घोट्यापर्यंत बुडालेले!

मी सुतार. शाळा तिसरीपर्यंत. जव्हार संस्थान विलीन झालं, राजाच्या जागी सरकार आलं, आणि थोड्या वर्षांनी गावात एक हस्तकला केंद्र निघालं. आपल्या डोंगरातल्या वस्तू परदेशातल्या प्रदर्शनात पाठवायच्या, कारागिरांचं आणि देशाचं नाव करायचं, असा बेत होता. त्या वस्तूंच्या पेट्या ठोकायचं काम मला मिळालं. बेत चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. मला स्वतःला फार अभिमान वाटायचा. माझी पेटी बोटीत बसून समुद्र ओलांडणार!

मी सहसा चिडत नाही. आमची ही म्हणायची, "तुमचा राग बैलगाडीनं येतो, आणि तीही वाटेत थांबत थांबत." तर ती गाडी आता पोचली आहे. म्हणून सांगतो.

*

केंद्राचे व्यवस्थापक पोतनीस साहेब. माणूस वाईट नाही, पण मुंबईचा कागद आला की उभा राहून वाचायचा. आणि कागद पाठवणारे ते मुंबईचे साहेब. मोठे अधिकारी, पांढरे बूट, गळ्यात रुमाल. आमच्या लाल मातीत पांढरे बूट घालून येणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

साहेब पहिल्यांदा आले तेव्हा पोतनीसांनी त्यांना मोखाड्याजवळच्या पाड्यावर लखमाकडे नेलं. बरोबर मी होतो. बोहाड्यात नाचवायचे मुखवटे लखमा करायचा. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव, होळीनंतरचा. देव, राक्षस, सगळे वाजतगाजत येतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं घ्यायचं ते पिढ्यांपासून ठरलेलं. लखमाच्या घराकडे त्राटिका राक्षसीण होती. हातभर जीभ, वटारलेले डोळे, कपाळावर कुंकवाचा मळवट. मुखवटा आजोबांनी केलेला, नाचला आजोबा, मग बाप, मग लखमा.

लखमानं नवे सहा मुखवटे मांडले होते. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उतरंडीशेजारी टोपलीत अर्धवट झाकून ठेवलेल्या त्राटिकेकडे बोट करून म्हणाले, "मला ही हवी. हिच्यात जीव आहे."

लखमा म्हणाला, "ती द्यायची नाय. ती घरातली बाय हाय."

"अहो, देशाचं नाव होईल! पुढच्या होळीच्या आत परत. माझा शब्द."

लखमानं टोपलीवरचं फडकं सरळ केलं. मग मला म्हणाला, "दादा, राजानं मागितली असती तं दिली असती ना आपण? आता देश मागतो. नाय कसा म्हणू?"

आणि दिली. बाकीचे सहा नवे मुखवटे साहेबांनी तिथेच ठेवले. शब्द तेवढा दिला. पुढची सगळी गोष्ट त्या शब्दाची आहे.

*

पेटी मी ठोकली, सागाच्या फळ्यांची. लखमा बघायला मोखाड्याहून जव्हारला चालत आला. मी त्राटिकेला गवतावर उताणी ठेवली होती. त्यानं बघितलं मात्र, माझा हातच धरला.

"उताणी काय निजवतोस? मेली का ती? बसवून धाड!"

मी पेटी मोडली. पुन्हा उंच केली. आत पाठीला टेकू दिला, दोन्ही बाजूंना गवताच्या गाद्या केल्या. त्राटिका छान बसली, पालखीत बसल्यासारखी. मी झाकण ठोकायला घेतलं तर लखमा म्हणाला, "थांब." कमरेची पुरचुंडी सोडली आणि तिच्यापुढे ओंजळभर नागलीचे दाणे ठेवले, एक नारळ ठेवला. मलाही ते बरोबरच वाटलं. मी खिळे मारले.

महिन्यानं मुंबईहून पोतनीसांना पत्र! बंदरावर पेटी उघडली, आत धान्य निघालं, किडे निघाले, नारळ फुटून सगळीकडे पाणी. परदेशी धान्य पाठवायला बंदी आहे, केंद्रातल्या माणसांना एवढी अक्कल नाही का, वगैरे.

पोतनीस मला खूप बोलले. मी खाली मान घालून ऐकलं. चूक आमचीच होती. पुढच्या बाजाराला लखमा आला तेव्हा पोतनीसांनी त्यालाही विचारलं, "अरे, मुखवट्यापुढे नागली कशाला ठेवलीस?"

लखमाला प्रश्नच कळेना. म्हणाला, "साहेब, एवढी लांब जायची. उपाशी धाडू?"

*

त्याच बोटीनं इरली गेली. भर पावसात शेतात वाकून लावणी करताना पाठीवर घ्यायचं ते इरलं, बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं. खोडाळ्याची भागी फार सुरेख विणायची. तिची चार इरली गेली.

काही महिन्यांनी प्रदर्शनाचे फोटो आले. पोतनीसांनी केंद्रात भिंतीवर लावले आणि बाजारच्या दिवशी सगळ्या कारागिरांना बोलावलं. मोठा झगझगीत दिवाणखाना, उंच खुर्च्या. आणि छताला इरलं टांगलेलं. उलटं! आत विजेचा दिवा!

"दिव्याची शेड केली आहे," पोतनीस म्हणाले. "तिकडे सगळ्यांना फार आवडली."

भागी फोटोजवळ गेली, लांब गेली, पुन्हा जवळ गेली. मग तिनं पोतनीसांना अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, तिकडं पाऊस घरातून वर जातो का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना वाटलं, चार ओळींची चिठ्ठी बरोबर गेली असती, की बाबांनो हे पाठीवर घ्यायचं असतं, हे घेऊन बाई दिवसभर चिखलात उभी असते, तर काय बिघडलं असतं? चिठ्ठी मी लिहून घेतली होती. पोतनीसांकडून, माझ्या समोर. ती मुंबईत साहेबांनी काढून टाकली. म्हणाले, चिखल लिहिला की वस्तूची शान जाते.

*

होळी आली. त्राटिका आली नाही.

लखमा दर बाजाराला यायचा. मोखाड्याहून जव्हार काही जवळ नाही, पहाटे निघाला की उन्हं तापताना पोचायचा. केंद्राच्या ओट्याखाली उभा राहायचा आणि विचारायचा, "आली का बाय?" मी मान हलवायचो. तो पाणी प्यायचा आणि जायचा.

त्या वर्षी बोहाड्यात त्राटिका नाचली नाही. तिच्या जागेवर संबळवाल्यानं नुसतं वाजवलं आणि माणसं मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिली. मी होतो तिथे. अशी माणसं मी मयतीतसुद्धा बघितली नाहीत.

पोतनीसांनी मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर आलं की मुखवटा फार गाजतो आहे, दुसऱ्या देशातही मागणी आहे, थोडी कळ काढा. आणि खाली: "कारागिरास तोवर दुसरा करून घेण्यास सांगावे."

पोतनीसांनी सांगितलं. लखमा म्हणाला, "दुसरा हुईल. हाच नाय हुनार."

*

मग वारल्यांच्या पाड्यावरची रखमी. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, मध्ये देवी, भोवती झाडं, माणसं, कोंबड्या. रखमीचा हात त्यात नावाजलेला. साहेबांचा निरोप आला, तिच्याकडून गेरूनं सारवलेल्या मोठ्या कापडावर चौक काढून घ्या.

रखमी केंद्रात आली, कापडाकडे बघितलं आणि म्हणाली, "लगीन कुणाचा?"

"लग्न नाही गं. प्रदर्शन आहे," पोतनीस म्हणाले.

"लगीन नाय तं देवीला कशाला बलवायची? येईल आनि बसून राहील बिचारी!"

पोतनीसांनी तासभर समजावलं. शेवटी तिनं झाडं काढली, नाचणारी माणसं काढली, एक कोंबडी पिलांसकट काढली. मधला चौकोन मोकळा सोडला आणि हात धुऊन गेली. कापड तसंच मुंबईला गेलं.

वर्षानं एक परदेशी मासिक आलं. गुळगुळीत कागद, पानभर रखमीचं कापड. आणि मधल्या चौकोनात देवी! मोठे डोळे, कमरेला पट्टा, सिनेमातल्या नटीसारखी उभी. साहेबांनी मुंबईतल्या कुणा चित्रकाराकडून भरून घेतली होती.

खालचा मजकूर पोतनीसांनी वाचून मराठीत सांगितला. "भोवतालची नक्षी साधी, पण मधली आकृती मात्र आदिम हाताची अस्सल निर्मिती आहे."

रखमीला मासिक दाखवलं. तिनं देवीकडे बघितलं, मग कोंबडीच्या पिलांवर एकेक बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही माझी. ती बाई कोन हाय मला ठाव नाय. पन तिला सांगा, माझ्या कोंबडीवर पाय देतेस."

*

मध्ये एकदा लखमालाच परदेशी न्यायचं ठरलं! खरंच. प्रदर्शनात कारागीर बसवायचा, लोकांसमोर मुखवटा करून दाखवायचा. पत्र आलं तेव्हा पोतनीससुद्धा खुर्चीवरून उठून ओट्यावर आले.

लखमाला बोटीचं काही नव्हतं. त्यानं एकच विचारलं, "तिकडं त्राटिका हाय का?"

"आहे ना!"

"मग येतो. येताना मीच घेऊन येईन."

जव्हारच्या शिंप्यानं त्याच्या कोटाचं माप घेतलं. लखमाच्या बायकोनं चिंचोके भाजून, फोडून, मुखवट्याचा कागद चिकटवायच्या खळीसाठी त्यांचं पीठ दळून पिशवी भरली. मुंबईहून निरोप आला, प्रदर्शनात मांडायला कारागिराचे नेहमीचे कपडेही आधी पाठवा. लखमानं आपला लाल काठाचा फेटा आणि बंडी दिली. मी त्यांची पेटी ठोकली.

बोट गेली. लखमा इथेच! कुणी सांगितलंसुद्धा नाही. पुढे फोटो आला. त्यात लखमाच्या बंडीत, लखमाचा फेटा बांधून एक गोरा गुटगुटीत तरुण बसला होता, हातात ब्रश. तो साहेबांच्या मेहुण्याचा मुलगा होता. पोतनीसांनी सांगितलं, "इंग्रजी येणारा माणूस हवा होता म्हणे. लोकांचे प्रश्न असतात."

 हा फोटो लखमाला कसा दाखवावा? पण तो माझ्या मागेच उभा होता. त्यानं फोटो हातात घेतला. त्या पोराकडे नाही, त्याच्या पाठीमागे बघितलं. भिंतीवर त्राटिका टांगलेली होती.

"बारीक झाली," लखमा म्हणाला.

*

बक्षीस लागलं. चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र आलं, सोनेरी अक्षरांचं. पोतनीसांनी पेढे वाटले. देशाचं नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली खात्याचं, त्याखाली साहेबांचं.

"आनि माझा?" लखमानं विचारलं.

पोतनीसांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अगदी खाली बारीक अक्षरात होतं. "मुखवटा: अज्ञात आदिवासी कारागीर."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे... ज्याचं नाव कुणाला माहीत नाही असा."

लखमानं आजूबाजूला बघितलं. भागी होती, रखमी होती, मी होतो, बाजारातली आणखी दहा माणसं होती.

"मोखाड्यात तं कुत्र्यालाही ठाव हाय!"

बक्षिसाबरोबर मागणीही आली होती. त्राटिकेचे पन्नास मुखवटे हवेत, सगळे सारखे, आणि जीभ आत. जिभेमुळे तिकडची मुलं घाबरतात. लखमानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जीभ आत घेतलेली त्राटिका मी एकदाच पाह्यली. माझी सासू. मेली त्या दिशी."

त्यानं एकही केला नाही. ते पन्नास मुंबईत कुठल्या तरी कारखान्यात झाले, असं नंतर कळलं.

*

तिसऱ्या वर्षी लखमाचे गुडघे गेले. आता बाजाराला तो काठी टेकत यायचा, वाटेत एक मुक्काम करून. म्हणायचा, "दादा, मला नाचायची नाय आता. सोमाला द्यायची हाय." सोमा त्याचा मुलगा, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. "माझ्या हातानं दिली म्हंजे सुटलो."

ती देण्याची एक रीत आहे. सोंग एका पिढीकडून दुसरीकडे जातं तेव्हा जुना माणूस आपल्या अंगावरच्या सदऱ्याची पट्टी फाडतो आणि मुखवट्याच्या आतून, कपाळाच्या जागी, खळीनं चिकटवतो. नवा माणूस तो चढवतो तेव्हा त्याचं कपाळ बापाच्या घामाला लागतं. लखमाच्या त्राटिकेत आजोबाची पट्टी होती, तिच्यावर बापाची. लखमा मला एकदा म्हणाला होता, आत डोकं घातलं की दोघांचा वास येतो, बापाचा जास्त.

त्या वर्षी होळीला चार दिवस असताना पोतनीस धावत माझ्याकडे आले. "आली रे! साहेब स्वतः घेऊन येताहेत!" मी सायकल काढली आणि पाड्यावर जाऊन सांगून आलो. लखमाच्या बायकोनं माझ्या पायावर पाणी घातलं, मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या अंगणात सगळे जमले. लखमा बैलगाडीतून आला. अंगात जुना सदरा. सोमा आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून आला होता. त्याच्या बायकोच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता, त्यात चिंचोक्याची खळ, अजून वाफ निघत होती.

साहेबांची मोटार आली. पांढरे बूट उतरले. बरोबर एक फोटोवाला. मोटारीतून पेटी काढली, पत्र्याची, कुलपाची. माझी नव्हती. झाकण उघडलं आणि त्राटिका बाहेर आली.

खरं सांगतो, मी ओळखली नाही. रंग नवा, वर झिलई, ऊन पडलं की डोळे दिपत होते. लोक पुढे सरकले. एकदोघांनी हात जोडले.

साहेब मोठ्यानं बोलत होते. "तिकडच्या तज्ज्ञांनी फुकट दुरुस्त करून दिली! शंभर वर्षं काही होणार नाही. वरचं सोडा, आतून काय घाण होती! चिंध्यांचे थर, कुबट वास. सगळं खरवडून काढलं, औषध मारलं. बघा, कशी स्वच्छ झाली आहे!"

सोमानं बापाकडे बघितलं. लखमा हात पुढे करून उभा होता. साहेबांनी मुखवटा त्याच्या हातात ठेवला. लखमानं तो उलटा केला.

आत पांढरा होता. नुकताच चुना दिलेल्या भिंतीसारखा पांढरा.

"अहो बाबा, तोंड इकडे! तोंड कॅमेऱ्याकडे करा!" फोटोवाला ओरडला.

लखमानं आत हात घातला. कपाळाच्या जागी बोटं फिरवली, एकदा, दोनदा. मग मुखवटा नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले.

"काय बाबा," साहेब हसून म्हणाले, "खूश ना?"

लखमानं डोळे उघडले. मुखवटा दोन्ही हातांनी खाली घेतला, अंगणातल्या माझ्या सुतारकामाच्या बाकापाशी आला, आणि त्राटिकेला बाकावर बसवलं. नीट बसली ना, ते वाकून बघितलं. मग काठी घेतली, साहेबांच्या समोरून, फोटोवाल्याच्या समोरून, सोमाच्या समोरून गेला, गाडीत न बसता फाटकातून बाहेर पडला, आणि मोखाड्याच्या रस्त्यानं चालू लागला.